नाताळच्या जाहिराती पाहून गहिवरावं कसं?

हे मार्गदर्शन तीन प्रकारच्या माणसांसाठी आहे. कंपनीने नुकतंच ब्रिटनला धाडलेले, ज्यांच्या थंडीच्या जाकिटाचं लेबल अजून निघालेलं नाही असे. सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आलेले आणि दुपारभर टीव्हीसमोर बसणारे आईबाबा. आणि तिथल्याच कुणाशी लग्न करून ऐन नोव्हेंबरात सासरच्या सोफ्यावर अडकलेले जावई किंवा सुना. तिघांची अडचण एकच. नाताळ जवळ आला की आजूबाजूची धडधाकट माणसं एका दुकानाच्या जाहिरातीबद्दल बोलता बोलता गदगदून येतात आणि आपल्याला काही म्हणजे काही होत नाही. नुसतं होत नाही एवढ्यावर भागलं असतं, पण ते चेहऱ्यावर दिसतं.

घाबरून जाऊ नये. गहिवर जन्मजातच असावा लागतो असं काही नाही, तो अंगवळणी पाडता येतो. खाली दिल्याप्रमाणे नेटाने सराव केला, तर ज्या दुकानातून आपण साधा टॉवेलही घेतलेला नाही त्या दुकानाच्या दोन मिनिटांच्या फिल्मवर २५ डिसेंबरच्या आत कोणालाही डोळे पुसता येतील.

आधी तारीख

नाताळ डिसेंबरात असतो ही समजूत पहिल्याच दिवशी सोडून द्यावी. खरा नाताळ नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागतो. आपली दिवाळी साधारण आटोपलेली असते, ५ तारखेला गाय फॉक्सच्या नावाने तिथले फटाके वाजून झालेले असतात, आणि मग एके सकाळी ऑफिसच्या किचनमध्ये कुणीतरी तुम्हाला विचारतं, "यंदाची जॉन लुईस पाहिली का?"

इथे नवशिके हमखास घसरतात. "हा जॉन कुठल्या डिपार्टमेंटला?" असं विचारून बसतात. गंमत म्हणजे डिपार्टमेंट हा शब्द नेमका बरोबर असतो, कारण जॉन लुईस हे डिपार्टमेंट स्टोअर आहे. १८६४ साली लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर निघालेलं, आणि कर्मचारीच मालक असलेलं. पडदे, चादरी, किटल्या, टीव्ही असं सगळं तिथे मिळतं. पण नोव्हेंबरात त्या नावाचा अर्थ एवढाच: यंदाची फिल्म. आपल्याकडे पहिला आकाशकंदील दिसला की दिवाळी आली म्हणतात, तसं तिकडे ही फिल्म आली की नाताळ आला.

योग्य उत्तर पाठ करून ठेवावं: "अजून नाही. सांगू नका हं काही!" हे उत्तर फार गुणी आहे. त्यात उत्सुकता दिसते, आपण त्यांच्यातले ठरतो, आणि घरी जाऊन फोनवर फिल्म शोधायला एक संध्याकाळ मिळते.

प्रत्यक्ष कृती

सरावाला २०११ची फिल्म घ्यावी. जॉन लुईसने नाताळच्या या मोठ्या जाहिराती २००७पासून करायला घेतल्या, पण देश रडायला लागला तो २०११ साली. 'द लाँग वेट' तिचं नाव, दिग्दर्शक डुगल विल्सन. नवशिक्यासाठी हिच्याइतकी सोपी आणि हिच्याइतकी चोख दुसरी नाही.

ताट बाजूला ठेवावं. जेवता जेवता गहिवर येत नाही, ठसका लागतो.

पडद्यावर एक लहान मुलगा दिसेल. नाताळाला अजून दिवस आहेत आणि त्याला धीर निघत नाहीये. तो घड्याळाकडे बघतो, बोटं वाजवतो, खिडकीशी बसतो, जादूगाराचा झगा घालून घड्याळावर कांडी फिरवून बघतो. मागे हळू आवाजात एक गाणं चालू आहे. ते मुळात 'द स्मिथ्स' या बँडचं, इथे एका बाईने अगदी सावकाश म्हटलेलं. ही खूण लक्षात ठेवा, ती पुढे दर वर्षी भेटेल: गाणं जुनं, वेग निम्मा, एक पियानो. या टप्प्यावर रडायचं नाही. फक्त मनात म्हणायचं, "कार्ट्याला खेळणी हवीत." जाहिरात करणाऱ्यालाही आपण हेच म्हणावं अशी अपेक्षा असते.

नाताळची आदली रात्र येते. पोरगा भराभर जेवतो आणि धावत जाऊन झोपतो. सकाळ होते. पायाशी त्याच्यासाठी भेटींचा ढीग पडलेला असतो. आता उजव्या हाताने रुमाल काढून ठेवावा. पोरगा उठतो, त्या ढिगाला वळसा घालतो, कपाटातून एक वेडंवाकडं गुंडाळलेलं खोकं काढतो आणि ते घेऊन आईबापाच्या खोलीच्या दारात उभा राहतो. त्याला इतके दिवस घाई होती ती घेण्याची नव्हती, देण्याची होती.

इथे आवंढा गिळावा. आवंढा ही पहिली श्रेणी, पाणावलेले डोळे दुसरी, हुंदका तिसरी. पहिल्या वर्षी आवंढ्यावर समाधान मानावं. एकदम हुंदक्याला हात घालणारे नवशिके ओळखू येतात, कारण ते अर्धा सेकंद लवकर रडतात.

आईबाबा सोबत बसले असतील तर फिल्म संपल्यावर बाबा विचारतील, "पण खोक्यात होतं काय?" हा प्रश्न गैरलागू आहे हे त्यांना समजावण्यात वेळ दवडू नये. बाबांचं चुकत नाही. ज्या दुकानाने दीड मिनिट खर्चून स्वतःचा माल पडद्यावर दाखवलाच नाही, त्या दुकानदाराबद्दल कोणाही हिशोबी माणसाला संशयच यायला हवा. पण कसब आहे ते इथेच. किंमत, सूट, त्वरा करा, यातलं काहीच नाही. फक्त शेवटी दुकानाचं नाव. तोवर तुमचे डोळे भरलेले असल्यामुळे ते तुम्हाला नीट वाचताही येत नाही.

प्राणी ओळखा

हा धडा घोकंपट्टीचा आहे, पटकन उरकू. २०१२: बर्फाचा माणूस आपल्या बर्फाच्या बाईसाठी हातमोजे आणायला डोंगरदऱ्या तुडवत जातो. (हातमोज्यांच्या उबेने ती वितळणार नाही का, हे विचारणाऱ्या इंजिनियरांना वर्गाबाहेर उभं करण्यात येईल.) २०१४: माँटी नावाचा पेंग्विन, ज्याची मऊ खेळणी ९५ पौंडांना असूनही हातोहात संपली. २०१६: ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणारा बॉक्सर कुत्रा. २०१९: आगीवर ताबा नसलेला ड्रॅगनचा बच्चा. दुसऱ्या दुकानांचेही आहेत. आल्डी या स्वस्ताईच्या दुकानाने २०१६पासून केविन नावाचं एक गाजर पाळलं आहे, आणि त्याचं खेळणं घ्यायला मोठी माणसं दुकानाबाहेर रांगा लावतात. गाजरावर रडायचं नसतं, हसायचं असतं. गल्लत करू नये.

२०१५ची मात्र आईबाबांसोबत पाहू नये, किंवा पाहायचीच तर बाबांच्या चेहऱ्याकडे बघू नये. एक लहान मुलगी दुर्बिणीतून चंद्राकडे बघते. तिथे एका झोपडीत एकटाच म्हातारा राहतो. ती त्याला हाका मारते, हात हलवते, पण एवढ्या लांबून त्याला काय दिसणार? शेवटी फुगे बांधून ती त्याच्याकडे एक दुर्बीण पाठवते, आणि म्हाताऱ्याला पृथ्वीवर हात हलवणारी पोरगी दिसते. वृद्धांसाठी काम करणाऱ्या 'एज यूके' या संस्थेला बरोबर घेऊन ही फिल्म केली होती. चंद्राऐवजी कोथरूड आणि दुर्बिणीऐवजी रविवारचा व्हिडिओ कॉल घाला. ज्यांची आई अजूनही फोन कानाला लावूनच व्हिडिओ कॉल घेते आणि पडद्यावर पंधरा मिनिटं फक्त कानाची पाळी दाखवते, त्यांना या फिल्मसाठी वेगळ्या शिकवणीची गरज पडत नाही. थेट तिसरी श्रेणी.

उसन्या आठवणी

आता अवघड भाग. फिल्म बघून रडणं कुणालाही जमेल. पण खरा गहिवर जुन्या जाहिरातींचा असतो, आणि त्या चालू होत्या तेव्हा तुम्ही चिंचवडला किंवा सांगलीला दूरदर्शनवर साबणाच्या पावडरींच्या जाहिराती बघत होता. म्हणजे दुसऱ्याचं बालपण उसनं घ्यावं लागणार. घ्या, लोक उदार असतात, विचारलं की सांगत सुटतात.

पाया एवढा असावा. ब्रिटनमध्ये २२ सप्टेंबर १९५५पर्यंत टीव्हीवर जाहिरात नव्हतीच. होतं ते फक्त बीबीसी. त्या दिवशी आयटीव्ही सुरू झालं आणि पहिली जाहिरात लागली ती टूथपेस्टची. तेव्हा समोरचा माणूस सत्तरीचा असेल तर त्याच्या लहानपणी टीव्हीवरच्या जाहिराती ही नवलाई होती. पन्नाशीचा असेल तर "वुलवर्थ्स" एवढंच म्हणावं आणि गप्प बसावं. नाताळात या दुकानाच्या जाहिरातींमध्ये टीव्हीवरच्या प्रसिद्ध मंडळींची जत्रा भरायची, आणि दुकानात वजनावर मिळणाऱ्या सुट्या गोळ्या-चॉकलेटांची पिशवी भरून घेण्यात पोरांचा अख्खा शनिवार जायचा. शेवटची दुकानं ६ जानेवारी २००९ला बंद झाली. जाहिराती आठवतात, पण त्यांनी ज्या दारात बोलावलं ते दारच नाही, त्यामुळे हा उसासा विशेष खोल असतो. तो मधे तोडू नये.

स्कॉटलंडात असाल तर २००६ची आयर्न-ब्रू या पेयाची जाहिरात विसरून चालणार नाही. 'द स्नोमॅन' ही १९८२ची कार्टूनफिल्म तिकडे नाताळात ठरलेली. बर्फाचा माणूस मुलाला घेऊन आकाशात उडतो. जाहिरातीत मुलगा त्याला आपलं नारिंगी पेय द्यायला नकार देतो, तेव्हा बर्फाचा माणूस त्याला वरून सोडून देतो आणि डबा घेऊन जातो. स्कॉटिश माणसं यावर रडत नाहीत, खदखदून हसतात. तुम्हीही हसा.

आणि मग तो ट्रक. १९९५ साली कोका-कोलाने एक जाहिरात केली: रात्रीच्या बर्फातून दिव्यांनी मढवलेल्या लाल ट्रकांची रांग येते आणि ज्या गावातून जाते ते गाव उजळून निघतं. आज चाळिशीत असलेल्या ब्रिटिश माणसाला विचारा, हा ट्रक दिसल्याशिवाय त्याचा नाताळ सुरू होत नाही. पुढे कंपनीने खराखुरा ट्रक गावोगाव फिरवायला सुरुवात केली. तो सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये उभा राहतो आणि लोक लेकरांना घेऊन, गारठ्यात रांग लावून त्याच्यासमोर फोटो काढतात.

मराठी माणसाला हा सगळ्यात कठीण पेपर जातो. खंबाटकी घाटात दर दोन मिनिटांनी रंगवलेला, झिरमिळ्या लावलेला, आईबापांची पुण्याई मागे लिहिलेला ट्रक पाहत वाढलेल्या माणसाला ट्रक बघायला रांग का लावायची तेच कळत नाही. तोंडावर कौतुक आणावं. आणि या ट्रकांच्या रोषणाईच्या करामतीत 'स्टार वॉर्स'वाल्या जॉर्ज ल्युकसच्या कंपनीचा हात होता, हे तिथे रांगेत सांगू नये.

जाहिरात कोणती, परंपरा कोणती

पार्टीत कुणीतरी दुसऱ्या ग्लासानंतर सांगतंच: "सांताक्लॉजचे कपडे लाल आहेत ते कोका-कोलामुळे." नवशिक्यांना हे इतकं आवडतं की तेही पुढे सांगत सुटतात. तुम्ही जरा वरच्या वर्गातले दिसायचं असेल तर हळूच दुरुस्त करावं. कोका-कोलासाठी हॅडन संडब्लॉमने सांता रंगवायला घेतला तो १९३१ साली, आणि त्याआधीच लाल झग्यातले सांता छापून येत होते. त्याच्या कितीतरी आधी, १८६३पासून, थॉमस नास्ट हा व्यंगचित्रकार 'हार्पर्स वीकली'त सांता काढत होता. संडब्लॉमने केलं ते वेगळं: दरवर्षी तोच गालफुगा, मिश्किल, घरातल्या आजोबांसारखा चेहरा इतक्या वेळा समोर आणला की बाकीचे सगळे चेहरे पुसले गेले.

पण लाल नाकाच्या रुडॉल्फबद्दल कुणी असं बोलत नाही, आणि तो मात्र शंभर टक्के दुकानाचा आहे. १९३९ साली शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड या दुकानाने गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायला एक पुस्तक हवं म्हणून आपल्या रॉबर्ट मे या जाहिरात-लेखकाला कामाला लावलं. त्याने रुडॉल्फ लिहिला. पहिल्याच नाताळात चोवीस लाख प्रती वाटल्या गेल्या. दहा वर्षांनी गाणं आलं, आणि आज तीन वर्षांची पोरंही तो रेनडिअर बायबलातून आल्यासारखा मानतात. जपानात तर ख्रिस्ती माणसं मूठभर, तरी तिथे नाताळच्या रात्री केएफसीची कोंबडी खायची रीत आहे. ती १९७४च्या एका जाहिरात-मोहिमेची देणगी. लोक आगाऊ ऑर्डर नोंदवतात.

गोव्यातल्या वाचकांना हा धडा माफ. त्यांच्या नेवऱ्या, दोदोल आणि शेजारी पाठवायचं ताट कुठल्या फिल्मवाल्याने शिकवलेलं नाही.

बाकी मराठी वाचकांनी मात्र इथे ब्रिटिशांना हसण्याआधी आपल्या न्हाणीघरात डोकवावं. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान शास्त्रात आहे, तेल-उटणं आहे. मोती साबण कुठल्या पुराणात आहे? टाटांच्या ऑइल मिल्सचा, पुढे हिंदुस्थान लिव्हरकडे गेलेला हा गोल साबण वर्षभर न घेणारी घरंसुद्धा दिवाळीला आवर्जून आणतात. पहाटे वाड्यातली दारं वाजवत सगळ्यांना उठवणारे ते अलार्म काका जाहिरातीतले, तरी महाराष्ट्रातल्या किती घरांत कुणीतरी त्यांची नक्कल करून पोरांना उठवतं! जॉन लुईसच्या २०१३च्या फिल्मचीही गोष्ट बघा. अस्वलाने नाताळ कधी पाहिलेलाच नसतो, कारण ते तेव्हा झोपलेलं असतं. ससा त्याला गजराचं घड्याळ ठेवतो आणि अस्वल ऐन नाताळच्या सकाळी डोळे चोळत गुहेतून बाहेर येतं. एकाला अंघोळीला उठवायचं, एकाला नाताळाला. ही फिल्म दाखवली की आई न सांगता डोळे पुसते.

मला विचाराल तर दुकानाने सुरू केलं म्हणून एखाद्या रीतीला नाक मुरडण्यात अर्थ नाही. दोन पिढ्या घरात नांदली की ती घरची होते. दुकानदाराला फार तर तिचं भाडं मिळत राहतं.

एक अवघड प्रश्न

असं म्हटलं तरी एका फिल्मशी अडखळायला होतं. २०१४ साली सेन्सबरीज या किराणा-साखळीने १९१४च्या नाताळची गोष्ट केली. पहिल्या महायुद्धात, फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलात, दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी त्या दिवशी बंदुका खाली ठेवल्या आणि खंदकांतून बाहेर येऊन हातात हात दिले, ही घडलेली गोष्ट. फिल्ममध्ये एक ब्रिटिश पोरगा एका जर्मन पोराच्या कोटाच्या खिशात गुपचूप चॉकलेटची वडी सरकवतो. तीच वडी सेन्सबरीजमध्ये १ पौंडाला मिळत होती. त्यातली रक्कम माजी सैनिकांच्या रॉयल ब्रिटिश लीजनला जायची. फिल्म सुरेख आहे. पैसे चांगल्या कामाला गेले. तरीही खंदकातून बाहेर येणारी ती कोवळी पोरं बघताना, शेवटी दुकानाचं नाव आलं की घशातला आवंढा कडू होतो. बऱ्याच ब्रिटिशांनाही ते रुचलं नव्हतं, तक्रारी झाल्या. शिवाय आपल्या माणसाला आणखी एक गोष्ट टोचावी: त्या नाताळात जर्मनांना भेटलेल्यांत गढवाल रायफल्सचे जवानही होते. ते चॉकलेटच्या वेष्टणावर यायचे राहिले.

या फिल्मवर रडायचं की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. गुण दोन्हीकडे मिळतील.

पात्रता

शेवटची परीक्षा रडण्याची नसतेच. ती तक्रारीची असते. ब्रिटनमध्ये मुरलेला माणूस ओळखायचा कसा? यंदाची जाहिरात संपली की तो म्हणतो, "बरी आहे, पण पूर्वीची मजा नाही राहिली." २०२४ साली कोका-कोलाने जुनी ट्रकांची जाहिरात कृत्रिम बुद्धिमत्तेकडून नव्याने करून घेतली, तेव्हा तर हा सूर टिपेला गेला. यंत्राने काढलेला नाताळ, यात जीव नाही, आमच्या लहानपणीचे ते खरे ट्रक कुठे, अशी बोंब झाली.

या परीक्षेत मराठी माणूस पहिला येणार. दिवाळी अंक पूर्वीसारखे राहिले नाहीत, गणपती पूर्वीसारखे राहिले नाहीत, आंबे तर नाहीतच नाहीत, या वाक्यांवर आपण लहानाचे मोठे झालो. फक्त कर्ता बदलायचा. पहिल्या वर्षी "छान आहे" म्हणावं. दुसऱ्या वर्षी "गेल्या वर्षीची सरस होती" म्हणावं. तिसऱ्या वर्षी मान हलवून "ती २०११ची, त्या पोराची. तशी पुन्हा नाही" एवढं म्हणावं आणि साल सांगताना अडखळू नये. कुणी अस्वलाची बाजू घेतली तर चहा गार होईस्तोवर भांडावं. बाबा त्या वेळी इथेच असतील तर त्यांना खुशाल विचारू द्यावं की खोक्यात होतं काय. तिथल्याही कुणाला ते सांगता येणार नाही.